निम्मे, पाऊण, पूर्ण

व्यायामास आरंभ कसा करावा, याविषयी आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, दूध प्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु दुखापतीमुळे खंडित झालेला व्यायाम पुन्हा कसा सुरू करावा, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. खो-खोच्या मैदानावर पाय मोडतो, मल्लखांबावरून उतरताना मनगट दुखावते, कबड्डीत गुडघा मुरगळतो. दोन-तीन महिने प्लॅस्टर आणि विश्रांती यांत जातात. मग डॉक्टरांनी ‘आता हरकत नाही’ असे म्हणताच तो विद्यार्थी एक तर दुसऱ्याच दिवशी संघात उभा केला जातो, नाही तर ‘आता जपून राहा’ म्हणून कायमचा कडेला बसविला जातो. माझ्या मते या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. हाड सांधले म्हणजे शरीर पूर्ववत झाले असे नव्हे. ते पूर्ववत करण्याचे काम तेथून सुरू होते, आणि त्या कामाला एक क्रम असतो.

प्रथम हानी किती होते ते पाहू. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांचा एक पाय दोन आठवडे हालचालीवाचून ठेवला असता त्या पायाची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटली आणि स्नायूंचे वजन सरासरीने जवळजवळ अर्धा किलो कमी झाले. पुढे सहा आठवडे सायकलीचा व्यायाम दिल्यावर स्नायू भरून आले. शक्ती मात्र पूर्वपदास पोहोचली नव्हती. जे दोन आठवड्यांत जाते ते सहा आठवड्यांतही पुरते परत येत नाही, हा धडा आपण नीट ध्यानात घ्यावा. पाय दिसण्यात भरला म्हणजे तो सामन्यास तयार झाला, असे मानणे धोक्याचे आहे.

परंतु निराश होण्याचेही कारण नाही. एकदा कमावलेला स्नायू पुन्हा कमावणे पहिल्या वेळेपेक्षा सोपे जाते, हा जुन्या पहिलवानांचा अनुभव आहे. या अनुभवामागील एक संभाव्य कारण ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. व्यायामाने स्नायुतंतूंत नवी केंद्रके निर्माण होतात. पुढे स्नायू वापराअभावी रोडावला तरी ती केंद्रके दीर्घकाळ टिकून राहतात. पडक्या घराचा पाया जसा शाबूत असावा, तसाच हा प्रकार होय. पाया शाबूत असला तरी भिंती मात्र एकेक थर रचूनच उभ्या कराव्या लागतात.

हे थर कसे रचावेत, याचे उत्तम उत्तर एका लष्करी डॉक्टराने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागो येथील लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म यांच्यापुढे गुडघे दुखावलेले अनेक सैनिक होते. त्या काळी अशा रुग्णांना हलकेच व्यायाम पुष्कळ वेळा करावयास सांगत, आणि प्रगती मंद होत असे. डीलॉर्म यांनी वजने वापरली, पण मापून. १९४५ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्या पद्धतीला सुटसुटीत रूप दिले. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते ‘पूर्ण’ मानावे. पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे, दुसरीत पाऊण आणि तिसरीत पूर्ण वजन दहा-दहा वेळा उचलावे. शक्ती वाढेल तसतसे ‘पूर्ण’चे माप वाढवीत जावे. या तीन शब्दांत सारे शास्त्र साठविलेले आहे.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली स्वामी कुवलयानंदांनी १९०७ ते १९१० या काळात शिक्षण घेतले, आणि पुढे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. अशा तालमींतून तयार झालेल्यांना क्रमाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नसे. चांगला वस्ताद नवख्याच्या हाती एकदम जड मुद्गल देत नाही. दुखापतीतून उठलेला खेळाडू कितीही नामांकित असला तरी काही काळ नवखाच असतो, एवढेच आपण विसरतो. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधले तर लोक हसतात; उतावळ्या खेळाडूचा मात्र गुडघाच जातो.

आता चरबीविषयी. विश्रांतीच्या काळात हालचाल थांबते, पण जेवण थांबत नाही. ‘पोर अशक्त झाले’ म्हणून घरी तुपाचा शिरा होतो, भेटीस येणारे फाफडा-जिलेबी घेऊन येतात, आणि पोट सुटू लागते. स्नायूची चरबी होत नाही आणि चरबीचा स्नायूही होत नाही. ते दोन भिन्न पदार्थ आहेत. म्हणून वजनकाटा या बाबतीत खोटा साक्षीदार ठरतो. एक किलो स्नायू गेला आणि एक किलो चरबी आली, तरी काटा तोच आकडा दाखवितो. मांडीचा घेर, कमरेचा घेर आणि निघणाऱ्या बैठकांची संख्या, हे साक्षीदार अधिक प्रामाणिक आहेत.

हे पाहून पुष्कळजण उपास आरंभतात. ही तर मोठीच चूक होय. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावर स्नायूंच्या आधी चरबी परतली, आणि तीही पूर्वीपेक्षा अधिक. स्नायू घडविण्यास प्रथिने लागतात. निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० चे प्रमाण सांगते. स्नायू पुन्हा कमावणाऱ्याला याच्या दीडपट ते दुप्पट प्रमाण उपयोगी पडते. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी आणि शेंगदाणे यांतून ते घरच्या घरी मिळू शकते. डब्यातील महागड्या भुकटीची गरज नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी तर जेवण कमी करूच नये. केवळ गोड व तळलेले आवरावे. प्रौढांनी आठवड्यास अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरविण्याची घाई करू नये. पुरेशी प्रथिने आणि चढता व्यायाम असेल, तर स्नायू येणे व चरबी जाणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात.

यास्तव शाळांना माझ्या तीन सूचना आहेत. दुखापतीतून परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी व्यायामशिक्षकांनी एक लहानशी वही ठेवावी, आणि तीत दर आठवड्यास वरील मापे नोंदवावीत. दुखावलेला अवयव दुसऱ्या बाजूच्या तोडीस येईपर्यंत त्यास सामन्यात घेऊ नये; मग स्नेहसंमेलनातील ढाल हातची गेली तरी चालेल. गुडघ्याच्या अस्थिबंधावरील शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळणे जितके महिने लांबविले, तितका पुन्हा जायबंदी होण्याचा धोका घटत गेला, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले आहे. आणि तिसरी सूचना विद्यार्थिमित्रांना : परतलेल्या सोबत्याच्या सुटलेल्या पोटाची थट्टा करू नका. त्या थट्टेनेच तो उपासाकडे किंवा घाईकडे वळतो.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक शरीर पूर्वीसारखे होतेच असे नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. मुष्टियुद्ध संपले, पण उपचारासाठी धरलेले पोहणे त्यांनी सोडले नाही. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा ‘मी पूर्वी काय होतो’ हे माप दूर ठेवावे, आणि आज जे झेपते त्यासच ‘पूर्ण’ मानून उद्याचे माप थोडे वाढवावे. परतण्याचा खरा मार्ग हाच आहे, आणि तो चालण्यास लागणारा धीर हाही बळाचाच एक प्रकार होय.