कमान बघू नका, खिडकी बघा!



बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या नेट कॅफेंत गर्दी होते. कॅफेवाला विचारतो, "कोणतं कॉलेज टाकू?" ज्याने एकही कॉलेज डोळ्यांनी पाहिलेले नाही, तो आमचा पोरगा म्हणतो, "टाका कोणतंही!" बैल घेताना आम्ही दात मोजतो, सोयरीक करताना दहा माणसे जाऊन घर बघून येतात. आणि लेकराच्या आयुष्याची तीन-चार वर्षे मात्र न बघताच देऊन टाकतो.

काही शहाणे म्हणतात, कॅम्पस बघत फिरणे हे पैसेवाल्यांचे चोचले; गरिबाने मिळेल तिथे शिकावे. आमचा सवाल आहे, चूक कोणाला परवडते? पैसेवाल्याचे कॉलेज फसले तर तो दुसरीकडे पैसे भरतो. आमच्या पोराचे फसले तर तो गावात मजुरीला परततो. म्हणून आधी बघून घेण्याची गरज आम्हालाच जास्त आहे.

नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचे. याच बाबांनी पंढरपूरची धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. त्या नावाच्या आवारात जाऊन बाग आणि कमान बघून परत येऊ नका.

मग बघायचे काय? शिष्यवृत्तीची खिडकी बघा: तिथला माणूस बसवून माहिती देतो की हाकलतो? मागासवर्गीयांच्या वसतिगृहात जागा किती, ते विचारा. जागा नाही मिळाली तर महापालिकेच्या शहरात स्वाधार योजनेतून वर्षाला ५१ हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. त्याच्या अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयातूनच समजून घ्या. ग्रंथालय किती वाजता बंद होते, तिथून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, तेही बघा. विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे तिथे शिकणाऱ्या पोरांनाच विचारा. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. त्याच्या नावाची पाटी शोधा. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांना विसरून कॅम्पस बघता येत नाही.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे. पण यादीतले प्रत्येक कॉलेज म्हणजे विद्यापीठाचे आवार नव्हे! संलग्न खासगी कॉलेजही त्याच यादीत असते. तिथे जाऊन एवढेच विचारा: शेती शिकवता, मग शेत कुठे आहे?

आमची दोन्ही विद्यापीठांकडे मागणी आहे. प्रवेशाच्या हंगामात एक दिवस आवार सर्वांना खुले ठेवा. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह सांगणारी माणसे त्या दिवशी टेबलावर बसवा. कॉलेजच्या जाहिरातीला पैसा मिळतो, तर याला का नाही?

ते करतील तेव्हा करतील. आपल्या विहाराच्या समितीने जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढावे. वस्तीतली दहा मुले-मुली, सोबत दोन आया, एसटीने न्याव्यात. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, ते आमच्या पोरांनी बाहेर दबकत उभे राहावे म्हणून नव्हे. आत जा, विचारा, मगच फॉर्म भरा.