प्रौढ विद्यार्थी : पडद्यावरचा आणि विद्यापीठाबाहेरचा

चित्रपटात प्रौढ विद्यार्थी दिसला, की आपली समीक्षा 'आत्मविश्वासाची कथा' असा शिक्का मारून मोकळी होते. गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधील शशी गोडबोले न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांच्या खाजगी वर्गात घरच्यांच्या नकळत इंग्रजी शिकते. अश्विनी अय्यर तिवारी यांच्या 'निल बटे सन्नाटा'तील (२०१६) घरकाम करणारी चंदा मुलीच्याच दहावीच्या वर्गात बसते. दोघींच्या जिद्दीचे कौतुक होते. परंतु शिकण्याचा सारा भार व्यक्तीच्या जिद्दीवर टाकून व्यवस्थेला दोषमुक्त करणारी ही रचना स्वतःच एक विचारसरणी आहे, याची चिकित्सा क्वचितच होते. या दोन्ही कथांत विद्यापीठाला भूमिकाच नाही.

याउलट लुईस गिल्बर्ट यांच्या 'एज्युकेटिंग रीटा'त (१९८३) केशरचनाकार रीटा मुक्त विद्यापीठाच्या अध्यापकासमोर येते आणि संस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. परीक्षेला मान्य होईल असे लिहायला शिकताना रीटाची स्वतःची दृष्टी हरवते काय, हा तेथील खरा प्रश्न आहे.

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मग पारंपरिक विद्यापीठांवर हा बोजा कशाला? हा युक्तिवाद म्हणजे जबाबदारीचे हस्तांतरण होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे तिसरे कर्तव्य मानले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातही आजीवन अध्ययन व विस्ताराला स्वतंत्र मंडळ आहे. तरतूद आहे, तिच्यामागे ज्ञानव्यवहाराविषयीची दृष्टी नाही.

भंडारा जिल्ह्यातील लाखनीचे उदाहरण घ्यावे. हा धानाचा मुलूख. पदवीचे प्रवेश होतात ते नेमके रोवणीच्या हंगामात, आणि हिवाळी परीक्षा येते ती धानकापणीच्या सुमारास. चिखलात उभ्या असलेल्या स्त्रीला विद्यापीठाने कधी 'नाही' म्हटलेले नाही. तिला गृहीत न धरताच वेळापत्रक आखले आहे. बहिष्काराचे हे सर्वांत सभ्य रूप होय.

मराठी विभागांची जबाबदारी येथे अधिक आहे. चित्रपटाला 'संहिता' मानून तो वर्गात वाचायचा आणि चंदासारख्या स्त्रियांना केवळ त्या संहितेतील पात्र ठेवायचे, ही विसंगती आहे. रोवणी आटोपल्यावर लाखनीत हाच चित्रपट दाखवावा आणि त्या स्त्रियांचे वाचन समीक्षा म्हणून नोंदवावे. ते वाचन आपल्या सिद्धान्तांना अडचणीचे ठरण्याची शक्यता आहे. परंतु ती अडचण टाळणाऱ्या विभागाला सामाजिक बांधिलकीची भाषा वापरण्याचा अधिकार उरत नाही.