स्पर्शाचा हिशेब

पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींना म्हैसूर ठाऊक असते, पण ते राजवाड्यामुळे किंवा दसऱ्यामुळे नव्हे. नोकरीचे पहिले काही महिने त्यांनी तिथल्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण संकुलात काढलेले असतात. साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांची कामे इथे बसून कशी करायची, हे तिथे शिकायचे. त्या संकुलापासून रिक्षाने सहज जाता येईल इतक्या अंतरावर गोकुलम ही वस्ती आहे आणि तिथली रहदारी नेमकी उलट्या दिशेची आहे. अमेरिका, युरोप, जपान, ब्राझीलमधली माणसे तिथे महिना-दोन महिन्यांसाठी खोल्या घेतात आणि पहाटे अंधारातच चटई काखोटीला मारून योग शिकायला निघतात. अष्टांग योगाचे गुरू के. पट्टाभी जोइस यांनी म्हैसूरच्याच लक्ष्मीपुरममधली आपली शाळा २००२च्या सुमारास गोकुलमला हलवली. इन्फोसिसचे संकुलही त्याच दशकात वाढले. तंत्रज्ञानाने आपले रोजचे जगणे कसे बदलले, याची चर्चा आपण नेहमी संगणकाच्या शाळेवरून करतो. ती चटईच्या शाळेवरून केली, तर अधिक काही हाती लागते.

गोकुलम मुळात निवांत. म्हैसूरची ख्याती पुण्यासारखीच, निवृत्तांच्या शहराची. बंगला, पुढे तुळस, मागे नारळ, वरचा मजला मुलासाठी बांधलेला आणि मुलगा परदेशात, हे चित्र आपल्याकडच्या डेक्कन किंवा कोथरूडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गोकुलममध्ये त्या वरच्या मजल्यावर परदेशी पाहुणा आला. घरमालकाचे काम त्यामुळे भाडे मोजून घेण्यापुरते उरले नाही. परदेशी नागरिक घरी उतरला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते. आयुष्यभर कचेरीत फायली हाताळलेल्या गृहस्थांना सत्तरीत पासपोर्ट स्कॅन करून चढवावा लागतो. रस्त्यावर तर आणखी गंमत. शहाळेवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोडचा कागद लटकतो, स्थानिक गिऱ्हाईक फोन दाखवून निघून जाते आणि सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला पाहुणा सुट्टे पैसे शोधत उभा राहतो, कारण भारतीय बँक खाते नसलेल्याच्या हाती यूपीआय सहजासहजी लागत नाही. प्रगत कोण आणि मागास कोण, हे ठरवण्याची आपली जुनी फूटपट्टी त्या गाडीपाशी निकामी ठरते.

आणि ही सारी आधुनिक मंडळी सुट्टी घेतात ती पंचांग पाहून. अष्टांग योगाच्या या परंपरेत अमावास्या आणि पौर्णिमेला अभ्यास बंद असतो. जोइस म्हैसूरच्या महाराजा संस्कृत महाविद्यालयात शिकवत होते आणि पाठशाळांतल्या अनध्यायाची, म्हणजे ठरावीक तिथींना अध्ययन बंद ठेवण्याची, रीत आपल्याकडेही नवी नाही. आज हेलसिंकीतला किंवा टोकियोतला साधक फोनमधल्या कॅलेंडरवर अमावास्या शोधतो. आपल्या घरांतले कालनिर्णय मात्र गॅस सिलिंडरची तारीख लिहिण्यापुरते उरले आहे, हे जाता जाता.

यंत्र आणि परंपरा यांची भेट या भागात पहिल्यांदाच होते आहे असेही नाही. गोकुलमच्या शेजारी, वोंटिकोप्पलमधल्या आपल्या घरातून मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५मध्ये खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. त्याच काळात त्याच शहरात, जगनमोहन राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णमाचार्य शिकवत होते. त्यांची आणि तरुण बी. के. एस. अय्यंगार यांची आसने १९३८मध्ये मूकपटावर चित्रित झाली. आज ती फीत कोणीही फोनवर पाहू शकतो. अय्यंगार त्याआधीच, १९३७मध्ये, पुण्यात येऊन स्थिरावले होते. १९६६मध्ये आलेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या पुस्तकात सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी तर त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, योगक्रिया करणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी तपासले. योगाला यंत्राचे वावडे कधीच नव्हते. यंत्र त्याच्या सोवळ्याच्या आड येते, ही भीती अलीकडची आणि बरीचशी हौशी आहे.

छायाचित्र, फीत, पुस्तक या प्रत्येक साधनाने योगाचा काही भाग दूरवर नेला आणि त्याच वेळी दारातली गर्दी वाढवली. ज्याने पुस्तकात चित्र पाहिले, त्याला ते शिकवणारा माणूस पाहावासा वाटला. बेल्जियमचे आंद्रे व्हॅन लिसबेथ १९६४च्या सुमारास जोइस यांच्याकडे शिकून गेले, मग अमेरिकी तरुण आले आणि लक्ष्मीपुरममधल्या शाळेची खोली अपुरी पडू लागली. इंटरनेट आल्यावर तेच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर घडले. आसने घरबसल्या पाहता येऊ लागली, तरी गोकुलममधल्या खोल्यांची मागणी घटली नाही. ‘म्हैसूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या वर्गात सगळे एकाच वेळी एकच आसन करत नाहीत. जो तो आपापल्या टप्प्यावर, आपापल्या श्वासाच्या गतीने करतो आणि शिक्षक खोलीभर फिरून कुठे टाच, कुठे खांदा हाताने जागेवर आणतो. ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात त्याला. तार किंवा पडदा ही एक गोष्ट नेऊ शकत नाही. मार्च २०२० नंतर विमाने थांबली, वरचे मजले रिकामे झाले, वर्ग पडद्यावर गेले. श्वासांची मोजणी पडद्यावरून झाली, टाच मात्र तिथेच राहिली. विमाने सुरू झाल्यावर माणसे परतली.

इथे थांबले तर गोष्ट गोड होते. माणसाचा हात तो हात, यंत्राला त्याची सर नाही, असा निष्कर्ष काढून टाळ्याही मिळवता येतात. पण याच हाताबद्दलची दुसरी हकीकत सांगितल्याशिवाय पहिली सांगणे अप्रामाणिक ठरेल. २०१७च्या अखेरीस ‘मी टू’ची लाट आली, तेव्हा जोइस यांच्या काही जुन्या विद्यार्थिनींनी समाजमाध्यमांवर जाहीरपणे लिहिले, की आसन सुधारण्याच्या नावाखाली त्यांना नको तिथे स्पर्श केला गेला होता. पुढच्या वर्षी आणखी काही जणी बोलल्या. जोइस यांचे २००९मध्येच निधन झाले होते, त्यामुळे हे आरोप त्यांच्यासमोर कोणत्याही न्यायालयात तपासले गेले नाहीत आणि आता जाणारही नाहीत. पण ते हवेतले म्हणून झटकताही आले नाहीत. त्यांचे नातू आणि उत्तराधिकारी शरथ जोइस यांनी जुलै २०१९मध्ये जाहीर निवेदनात विद्यार्थिनींच्या वेदनेची दखल घेऊन क्षमा मागितली.

या स्त्रिया इतकी वर्षे गप्प का होत्या, असे विचारणारे आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. त्या सांगणार कोणाला होत्या? शाळा गुरूची, घर गुरूचे, पुढे शिकवण्याची परवानगी देणारा गुरूच. शेजारच्या चटईवरची बाई दुसऱ्या खंडातली, महिन्याभराने परत जाणारी. म्हैसूरच्या त्या एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या स्त्रियांना एकमेकींचे अनुभव कळले ते दहा-वीस वर्षांनी, वेगवेगळ्या देशांत, पडद्यावर. ज्या माध्यमावर आपण माणसामाणसांत अंतर पाडल्याचा आरोप करतो, त्यानेच त्यांना प्रथम एकत्र बसवले. समाजमाध्यमांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे खोट्याचाही बाजार भरतो आणि योगाच्या नावाने अंगप्रदर्शनही चालते. पण स्पर्श पवित्र आणि पडदा भ्रष्ट, ही सोपी वाटणी गोकुलममध्ये टिकत नाही. तिथल्या स्पर्शाला ना नियम होते, ना तक्रारीची खिडकी. पाहुण्याच्या पासपोर्टचा हिशेब चोवीस तासांत सरकारकडे पोहोचत होता, हाताचा हिशेब कोणीच मागत नव्हते.

शरथ यांचेही नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेत आकस्मिक निधन झाले. एका कुटुंबावर उभी असलेली विद्या आणि त्या विद्येवर उभी असलेली भाड्याच्या खोल्यांची, नाश्त्याच्या टेबलांची, स्कूटरवाल्यांची अर्थव्यवस्था किती नाजूक असते, हे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना समजले होते. गोकुलमला ते आपल्या परीने समजून घ्यावे लागेल.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखे आहे ते मात्र आजच. आपल्याकडे योगवर्ग आता सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये, महापालिकेच्या उद्यानात भरतात. कोणी कोणाकडे शिकावे, याला काही धरबंध नाही. कथकचे वर्ग, तालमी, जलतरण तलाव, गायकाच्या घरची शिकवणी इथेही विद्या हातातून हातात जाते आणि जायलाही हवी. शिक्षकाने हात लावूच नये, असा फतवा काढणे म्हणजे विद्येचा गळा घोटणे होय. मात्र हात लावण्याआधी विचारावे, ‘नको’ म्हटले तर ते शिष्याचे औद्धत्य मानू नये आणि बिनसले तर कुठे जायचे हे पहिल्याच दिवशी सांगावे, यात परंपरेचे कोणतेही नुकसान नाही. परदेशातल्या काही वर्गांत चटईच्या कडेला छोटी चकती ठेवतात. तिची एक बाजू वर असेल तर स्पर्श चालेल, दुसरी असेल तर नाही. आपल्याला ते हास्यास्पद वाटेल. रेल्वेत महिलांचा वेगळा डबा लावणाऱ्या समाजाने त्याला हसू नये.

कायदाही नव्याने करायचा नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात शिक्षणसंस्था आणि क्रीडासंस्था आहेत, घराचाही उल्लेख आहे, आणि पीडित स्त्री तिथली नोकरदारच असली पाहिजे अशी अट नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असणे बंधनकारक आहे. ही समिती कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर बसते, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती योगशिक्षकांना आणि किती विद्यार्थिनींना सांगता येईल? २१ जूनला मैदानात चटया अंथरून सामूहिक छायाचित्रे काढण्यात आपल्या महापालिका तरबेज झाल्या आहेत. त्यांनी आपली उद्याने आणि सभागृहे वर्गांना भाड्याने देताना समितीचा पत्ता आणि दूरध्वनी दर्शनी भागात लावण्याची अट पावतीवर छापावी. त्यासाठी विधिमंडळाचे अधिवेशन बोलवावे लागत नाही, आयुक्तांची एक सही पुरते.