जेवणानंतरचीही साखर तपासा



दुपारी जेवल्यावर पेंग आली की ‘साखर वाढली असणार’ असे म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती तर जांभई आणि गोडाची ओढ एवढ्यावरून मधुमेहाचे निदानच करून टाकतात. याने लोक घाबरतात हे वाईटच. पण ज्याला जेवणानंतर काहीच जाणवत नाही तो निर्धास्त राहतो, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

भरपेट भात खाल्ल्यावर निरोगी माणसालाही सुस्ती येते. उलट जेवणानंतर दोन तासांनी ज्यांची साखर १६० असते, त्यांतल्या बहुतेकांना काहीच कळत नाही. साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरू लागते. मग वारंवार लघवी, तहान, वजन उतरणे सुरू होते. म्हणजे शरीर तक्रार करते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना हातपाय थरथरून दरदरून घाम फुटला, तर साखर उतरलेली असू शकते. त्यांनी लगेच तीन-चार चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

बाकीच्यांनी तपासायचे काय? वार्षिक तपासणीत बहुधा फक्त उपाशीपोटीची साखर पाहतात. ती १०० च्या आत आली की माणूस सुटला! पण उपाशीपोटी ठीक आणि जेवणानंतर चढलेली, असे आपल्याकडे पुष्कळांचे असते. अंगकाठीवरही विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० ते १९९ आली तर ती मधुमेहपूर्व अवस्था. २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह, अर्थात पुन्हा तपासून खात्री केल्यावर. एचबीएवनसी ही रक्तचाचणी सोयीची खरी, पण रक्तक्षय असेल तर ती फसवू शकते आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांना रक्तक्षय असतो.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक आहेत. आहार, चालणे आणि वजन यांकडे लक्ष दिले तर या दुसऱ्या गटातल्या अनेकांचा मधुमेह टळू किंवा लांबू शकतो. म्हणून शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सकाळी रक्त घेतलेल्या माणसाला नुसता चहा-बिस्किट देऊन घरी पाठवू नका. पोटभर नाश्ता द्या आणि दोन तासांनी त्याचे बोट पुन्हा टोचा.

— एक वाचक, पुणे