ग्रीक काव्याला कान हवा

तेरेखोल नदीच्या मुखाशी, पेडणे तालुक्यात, केरी हे गाव आहे. तिथला एक तरुण आजोळी राहत असताना आमच्याकडे पेटी शिकला. आता तो परदेशी विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकतो. परवा त्याचे पत्र आले. दीड वर्ष रूपे घोकली, कोश उशाशी घेऊन ‘इलियड’च्या ओळी फोडल्या, पण काव्य काही बोलत नाही, सोडून द्यावे म्हणतो.

आमच्या मते काव्य मुके नाही. तो मुकाट्याने वाचतो आहे. होमरची ओळ सहा गणांची, लघुगुरूंवर चालणारी. एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगणच. दोन लघूंच्या जागी एक गुरूही चालतो, शेवटच्या गणात मात्र दोनच अक्षरे. इंग्रजी वृत्त आघातावर चालते, त्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्याला हा हिशेब नव्याने शिकावा लागतो. मराठी मुलाला तो शाळेतच भेटलेला असतो. ग्रीक शब्दांवरची स्वरचिन्हेही मुळात आवाजाच्या चढउताराची, वैदिक उदात्त-अनुदात्तांसारखी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला हॅलिकार्नाससचा डायोनिसियस लिहितो, की बोलण्यात आवाज सुमारे पंचमाइतका चढतो. तंबोऱ्यापाशी बसणाऱ्याला हे अंतर काय सांगायचे!

अर्थ लावतानाही हाच कान उपयोगी पडतो. अकिलीस रुसून जहाजांपाशी बसला आहे, तरी कवी त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो. कोश घेऊन बसणाऱ्याला ही चूक वाटते. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अशी ठरीव पदे तिथेही होती. गाता गाता रचणाऱ्या कवीला ओळ भरून काढायला ती हाताशी लागतात.

पेडण्याकडच्या जत्रांत हा मुलगा रात्रभर दशावतार पाहत असे. तिथेही लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद जागीच सुचलेले. ते संवाद गद्य आणि होमर पद्य, हा फरक आम्ही विसरत नाही. पण बोलता बोलता रचणारा नट ज्याने पाहिला, त्याला पॅरीचे म्हणणे समजावून सांगावे लागू नये.

विंदा करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. शोकात्मिकेच्या सहा अंगांत तिथे गीतही आहे. शिकवताना नेमके तेच बहुधा गळते.

वडील आम्हाला चिजा आधी गळ्यात बसवीत. शब्दांचा अर्थ कित्येक वर्षांनी उमगे. तेव्हा राग येई. त्या मुलाला उत्तरात एवढेच कळवले आहे: ‘इलियड’चा दुसराच शब्द ‘गा’ असा आहे. व्याकरण सोडू नकोस; पण पहिल्या दहा ओळी रोज पहाटे हातावर मात्रा धरून म्हण, आणि सुटीत आलास की पेटीपाशी बसून ऐकव.