डावऱ्या, तोतऱ्या, चष्मिश... ही नावं ठेवतं कोण?

या सुट्टीत गावी गेलात की एक करा. पारावर, शाळेच्या ग्राउंडवर, जिथे बारकी पोरं खेळत असतील तिथे दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त हाका ऐका. डावऱ्या. चष्मिश. तोतऱ्या. काळ्या. ढोल्या. खरं नाव हजेरीपटावर, बाकी दिवसभर हेच. आमच्या कासुर्डीत हे असंच आहे, आणि तुमच्या गावात किंवा सोसायटीत फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आता सांगा, ही नावं ठेवतं कोण? आपण पटकन शाळेकडे, सर-मॅडमकडे बोट दाखवतो. पण नीट आठवून बघा. बहुतेक वेळा नाव ठेवणारा असतो एखादा दादा, नाहीतर ताई. कॉलेजला जाणारा, बाइकवर फिरणारा, ज्याच्याकडे पोरं हिरो म्हणून बघतात. म्हणजे आपणच. आत्यानं बारशाला ठेवलेलं नाव गावाला माहीत व्हायला वेळ लागतो, दादानं कट्ट्यावर ठेवलेलं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत पोचलेलं असतं.

‘अगं, प्रेमानं म्हणतो आम्ही. पोरगं स्ट्राँग होतं त्यानं.’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त एवढंच सांगते की त्या पोराकडे जरा बघा. अडखळत बोलणारं पोरगं वर्गात उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणतं, कारण ते दोनच शब्द आहेत. कानाचं मशीन मिळालेली मुलगी ते दप्तरात ठेवते आणि सगळ्यांना दोनदा विचारत बसते. डावखुरं पोर घरी डाव्या हातानं छान चित्रं काढतं, पण पाहुणे आले की पेन उजव्या हातात. ही पोरं स्ट्राँग होत नाहीयेत, लपवायला शिकताहेत. आणि लपवायला रोज केवढी मेहनत लागते! तीच मेहनत अभ्यासात गेली असती.

दुसऱ्या टोकाला आहे रील्सवालं प्रेम. ‘तू स्पेशल आहेस’, ‘तू देवाचं लाडकं लेकरू आहेस’, मागे पियानो वाजतोय. मला हे टोमण्यांपेक्षा फार बरं वाटत नाही. मुलांना बरोबर कळतं की स्पेशल म्हटलेल्याला टीममध्ये शेवटी घेतात, गॅदरिंगमध्ये उत्तेजनार्थ बक्षीस देतात आणि फोटो झाला की खाली बसवतात. नुसत्या कौतुकानं कुणाला आपल्या वेगळेपणाची किंमत कळत नसते. मग कशानं कळते?

त्यासाठी लांब जायची गरज नाही. कासुर्डीहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की यवत लागतं, पुढे चौफुला, आणि तिथून डावीकडे वळलं की केडगाव. दौंडच्या गाडीनं अपडाऊन करणाऱ्यांना हे स्टेशन पाठ असतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशनही ऐकून माहीत असतं. पण रमाबाई म्हणजे आपल्यासाठी शाळेतला दोन मार्कांचा प्रश्न. (त्यांच्या धर्मांतरावरचे वाद घालायला दुसरी पानं आहेत, इथे तो विषय नाही.)

रमाबाई स्वतः वेगळ्या म्हणूनच वाढल्या. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करून, आणि मग लेकीलाही तेच मिळालं. मुलगी संस्कृत म्हणते ही त्या काळात लपवायची गोष्ट होती. या घरानं ती लपवली नाही. आईवडील गेल्यावर १८७८ मध्ये रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या आणि त्याच संस्कृतच्या जोरावर तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं ती वाट बंद झाली. हा भाग आपल्याला फारसा कुणी सांगत नाही. ज्या बाईंनी केडगावचं एवढं मोठं काम उभं केलं, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं!

१८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली केडगावात आल्या. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. त्यांच्यात अंध मुलीही होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत शिकायला गेली होती, तिथे तिनं ब्रेल शिकून घेतली आणि केडगावात येऊन या मुलींना शिकवायला सुरुवात केली. लक्षात घ्या, भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ उजाडलं. त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, आपल्या दौंड तालुक्यात, बोटांनी वाचणाऱ्या मुली होत्या.

उपाशीपोटी आलेल्या मुलींना नुसतं ‘तुम्ही किती खास’ म्हणून काय उपयोग होता? त्यांच्या बोटांखाली ठिपके दिले, हाताला काम दिलं. आपण जसे आहोत तसं आपल्याला काही जमतं, हे त्यांना स्वतःच्या हातांनीच कळलं असणार. ब्रेलची गोष्टही तशीच आहे. लुई ब्रेलच्या पॅरिसमधल्या शाळेत अंध मुलांसाठी नेहमीचीच अक्षरं उठावाची छापलेली होती. डोळसांना ती छान दिसायची, बोटांना मात्र वाचायला फार वेळ लागायचा. लुईनं पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, ठिपक्यांची लिपी बसवली. अडचण ज्याची, उत्तरही त्यालाच जास्त नीट कळलं. आपण मात्र मुलाला काही न विचारताच त्याला काय हवंय ते ठरवून मोकळे होतो.

आता आपल्याकडच्या एका वेगळेपणाकडे येऊ, ज्याला आपण वेगळेपण म्हणतच नाही, सरळ ‘अशुद्ध’ म्हणतो. भाषा.

उसाचा हंगाम सुरू झाला की दौंड-शिरूर पट्ट्यात बीडकडच्या टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या पडतात. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातली कुटुंबं असतात. यातली काही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसतात. स्थलांतरित मुलांना मधूनच प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ते मिळालं तर. आणि पहिल्याच दिवशी ते पोरगं ‘का’च्या जागी ‘कामून’ म्हणतं. झालं. वर्ग हसतो, दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव ‘कामून’, आणि आठवडाभरात ते बोलायचं बंद होतं.

गंमत म्हणजे हसणारेही आपलेच. तेच पुढे यवतहून गाडी पकडून पुण्यात कॉलेजला येतात आणि ‘पानी’ म्हणाले की मागच्या बाकावरून ‘पाणी रे, पाणी’ ऐकतात. मीही ऐकलंय, प्रेझेंटेशनच्या मध्ये, पंचवीस जणांसमोर. तेव्हापासून आपण दोन भाषा ठेवतो. एक गाडीत, एक कॉलेजात. उरुळी गेलं की स्विच. तुम्ही करता ना हे? मग ‘कामून’वर हसताना निदान तुम्हाला तरी माहीत असायला हवं की समोरच्या पोराच्या पोटात काय होतंय.

बहिणाबाई चौधरींच्या कविता लेवा गणबोलीतल्या. बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं, आणि आज तेच आपण अभ्यासक्रमात कौतुकानं शिकतो. पण वर्गात एखादी खानदेशची मुलगी त्याच बोलीत उत्तर देते तेव्हा तिला आधी ‘नीट बोल’ ऐकावं लागतं. प्रमाण मराठी शिकवू नका असं माझं म्हणणं नाही. पेपर त्यातच लिहायचाय, इंटरव्ह्यू त्यातच द्यायचाय. ती शिकवाच. पण तिच्यासाठी घरची भाषा खोडायची गरज नाही, शेजारी ठेवता येते.

कायदा आपल्या बाजूनं आहे, एवढं पटकन सांगून टाकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात ऑटिझम आणि शिकण्यातल्या अडचणीही आल्या. शेजारच्या काकूंना हे माहीत नसण्याची शक्यता खूप आहे. तुमच्याकडे फोन आहे, वाचता येतं, शाळेत बरोबर जाऊन दोन शब्द बोलता येतात. काकू एकट्या गेल्या तर दारातूनच परत येतील.

आणि कट्ट्यावरचं तर पूर्णच आपल्या हातात आहे. नाव ठेवणारा दादा जेव्हा खऱ्या नावानं हाक मारायला लागतो, तेव्हा बाकीची पोरंही तसंच करतात, नक्कलच करायची असते त्यांना. डावखुऱ्या पोराला लेगस्पिन टाकायला सांगू नका, त्याला डावीकडूनच टाकू द्या, बॅट्समन आपोआप गोंधळतात. अडखळणाऱ्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. जमतं. फक्त मोबाइल खिशात ठेवावा लागतो.

शेवटचं, एनएसएसवाल्यांसाठी. सात दिवसांची शिबिरं बहुतेक हंगामातच असतात, तेव्हा कोप्या भरलेल्या असतात. दरवर्षी आपण शाळेच्या भिंती रंगवतो, पथनाट्य करतो, पोरांना गाणी शिकवून येतो. यंदा एक तास असा ठेवा की ज्यात तुम्ही शिकायचं. बीडच्या पोराकडून त्याच्याकडचे दहा शब्द घ्या, गुऱ्हाळावरच्या मुलीकडून भोजपुरीत एक ते वीस. ती चुका काढेल, हसेल तुमच्या उच्चारांवर. हसू द्या. आणि तिनं सांगितलेले शब्द, तिच्या नावासकट, शाळेच्या फळ्यावर लिहून मगच ट्रॅक्टरमध्ये बसा.