बाईला प्रवेश फुकट!

'बायकांना प्रवेश फुकट' अशी पाटी दिसली की आपण विचारायला हवे, मग पैसे कोण भरते आणि कशासाठी? टेक्सासमध्ये भाचीकडे गेले होते तेव्हा एका नाईटक्लबच्या दारात मला हा प्रश्न पडला. तिथे 'कंट्री' संगीत चालते, म्हणजे अमेरिकेतले गिटार-फिडलवरचे ग्रामीण ढंगाचे संगीत. भिंतीवर खोगिरे, माणसांच्या डोक्यावर काउबॉयच्या हॅट. त्या दिवशी 'लेडीज नाईट' होती. पुरुषांना तिकीट, आम्हा दोघींना नाही.

हिशेब सरळ आहे. बायका आल्या की पुरुष येतात, पुरुष आले की दारू खपते. गिऱ्हाईक तो, आणि आपण दुकानात दर्शनी मांडलेला माल. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्त्री-पुरुष भेदावर दिलेल्या अशा सवलती बेकायदा ठरवल्या. दावा लावणारा पुरुष होता, पण त्या निकालात आपलाही फायदा आहे.

आत एक यंत्राचा बैल होता. पाठीवर बसायचे, तो उसळतो, पडेपर्यंत टिकायचे. 'अर्बन काउबॉय' या १९८० च्या चित्रपटाने हा बैल जगभर नेला. त्यातली नायिका नवऱ्याने मनाई केली तरी चोरून शिकते, त्याच्यापेक्षा सरस ठरते आणि मार खाते. आज मनाई नाही. पण पोरगी बैलावर बसली की कळ दाबणारा पुरुष बैल कसा हलवायचा ते ठरवतो, आणि भोवतीचे मोबाईल तेवढेच टिपतात.

मग तिथे मला आवडले काय? लाईन डान्स. रांगा धरायच्या, सगळ्यांनी तीच पावले टाकायची, ठराविक मात्रांनी दिशा बदलायची. जोडीदार लागत नाही! कोणी पुरुष येऊन हात पुढे करील म्हणून भिंतीशी ताटकळायचे नाही. सत्तरीच्या एक बाई माझ्या पुढे होत्या. नवरा जाऊन चार वर्षे झाली, दर आठवड्याला येते, म्हणाल्या. मला मंगळागौर आठवली. तीही बायकांची जागी रात्र, झिम्मा-फुगडीची, पुरुषांवाचून. पण ती घरात, सवाष्णींसाठी. विधवेला तिथे बोलावणे नसायचे.

अशा जागी जाणाऱ्या बाईला नावे ठेवणे तिकडेही जुनेच. घर सोडून दारूच्या गुत्त्यात रमलेल्या बायकोला दोष देणारे एक गाणे १९५२ साली फार गाजले. त्याच वर्षी किटी वेल्स या गायिकेने उत्तराचे गाणे म्हटले: अशा बाईमागे बहुतेक वेळा एक पुरुषच असतो. एनबीसी रेडिओने ते वर्ज्य केले, तरी बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते पहिले आले. एकट्या गायिकेला हे प्रथमच साधले होते.

आपल्याकडे २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली. नोटा उधळणारा पुरुष, बुडाली ती नाचणारीची रोजी. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण गेलेली वर्षे कोण भरून देणार? त्या वेळी स्त्री-संघटनांतही दोन मते होती. तो वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो.

आपण रात्रीबद्दल बोलतो ते बहुधा अत्याचाराच्या संदर्भात. ते बोललेच पाहिजे. पण करमणूक ही चैनीची बाब मानून मागे ठेवू नये. तिकिटाचे पैसे बाई देईल. तिला हवी आहे घरी परतायला शेवटची बस, दिवे असलेला रस्ता, रात्री उघडे स्वच्छतागृह, आणि दुसऱ्या दिवशी 'कुठे होतीस' असे न विचारणारे घर. यांतली पहिली तीन नगरपालिकेकडे मागता येतात. चौथ्यासाठी आपल्यालाच घरात बोलावे लागेल.